खिडकीकडची सुई

खारू दुपारी झोपली की मी तिच्या नाकासमोर बोट धरते. ती साडेतीन वर्षांची आहे, जागी असली की घर डोक्यावर घेते, तिला कधी काही झालेलं नाही. तरी धरते. सासूबाई म्हणतात, "अगं, ती काय भिंतीवरचं घड्याळ आहे का, चालू आहे की बंद ते सारखं बघायला?" नवरा म्हणतो, सवय आहे, सुटेल. हल्ली मी बोट धरून मोजतेसुद्धा, हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही.

खारू झाल्यावर दोन वर्षांनी मी प्रसूतिविद्येच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. रसायनशास्त्राची पदवी आधीची होतीच. "म्हणजे तू आता कळा येणाऱ्या बाईसमोर समीकरण मांडणार," असं नवरा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी फीचा फॉर्म स्वतः भरून आला. मला जायचं होतं ते त्याच दवाखान्यात, जिथे खारू झाली. तिथल्या मोठ्या सिस्टरांमुळे. सहा तास त्या बाईंनी माझा हात सोडला नव्हता. चहाही त्यांनी डाव्या हातानं प्यायला.

आता मी त्यांच्याच हाताखाली शिकत होते.

प्रसूतीच्या दोन खोल्या होत्या, मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर. दोन्हींची दारं बोळात उघडायची आणि खिडकी दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीत. बोळाच्या टोकाला औषधांची खोली, एवढीशी, दोघी उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नाही. कुठलंही इंजेक्शन दोघींनी तपासायचं असा नियम होता. एकीनं अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, हातात घेऊन वाचायचं, दुसरीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग हो म्हणायचं.

त्या खोलीबद्दल पहिल्याच आठवड्यात मला रेडिओनं सांगितलं. रेडिओ म्हणजे माझ्या बरोबरची विद्यार्थिनी. तिचा आवाज बंद झालेला कुणी ऐकलेला नव्हता.

"मागची भेटली का तुला?"

"कोण मागची?"

"अगं, आपण औषध वाचतो ना, तेव्हा खांद्यावरून कुणीतरी वाचतं. मान गार पडते. सगळ्या बॅचला माहितेय. म्हणे पूर्वी इथे एक शिकणारी मुलगी होती, तिच्या हातून काहीतरी चुकलं आणि ती निघून गेली ती गेलीच. ती येते बघायला."

"मेली का ती?"

"ते नाही माहीत. मेली असली तर बरं, नाहीतर भूत कसलं होणार?" असं म्हणून ती हसली, आणि माझ्याकडच्या फायली घेऊन गेली.

मी हसले नाही. कारण मानेला ते मला आधीच जाणवलं होतं. मी अँप्युल उजेडात धरून नाव, ताकद, तारीख वाचायचे आणि माझ्या वाचण्याच्या अर्धा शब्द मागून कुणीतरी वाचत असायचं. मानेला तिचा श्वास लागायचा. मागे वळलं की फडताळ, फडताळावर कापसाचे गठ्ठे. मी शिकलेली बाई आहे. भिंतीत एक जाळी आहे, तिथून वारा येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर मला तिचा आधार वाटायला लागला होता. माझ्यासारखीच ती, विश्वास न ठेवणारी.

वर्गात ट्यूटर मॅडम सांगायच्या, "जे तुम्ही भरलं नाही, ते तुम्ही द्यायचं नाही. आणि चिठ्ठी नसलेली सिरिंज म्हणजे कचरा. आत अमृत असलं तरी कचरा."

मोठ्या सिस्टर वॉर्डात म्हणायच्या, "वर्गातलं बाळ रबराचं असतं गं. ते थांबतं."

त्यांची पद्धत अशी होती. बाळ यायच्या आधीच त्या दोन्ही इंजेक्शनं भरून ट्रॉलीवरच्या ट्रेमध्ये ठेवायच्या, कारण बाळ आलं की हात मोकळे नसतात. एक आईचं, ऑक्सिटोसिन, गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणारं. ते बाळ बाहेर आल्या आल्या द्यायचं. दुसरं बाळाचं, के जीवनसत्त्वाचं, नवजात बाळाला आत कुठे रक्तस्राव होऊ नये म्हणून. ते अर्ध्या-पाऊण तासानं दिलं तरी चालतं. चिठ्ठ्या लावायला त्यांना वेळ नसायचा. "खिडकीकडची सुई बाळाची, दाराकडची आईची," एवढं पाठ करून घ्यायच्या. "आंधळ्यालाही जमेल." आणि जमत होतं. त्यांच्या हातून हजारभर बाळं झाली असतील. लोक त्यांना रस्त्यात थांबवून मुलं दाखवायचे.

एरवी बाळाची सिरिंज लहान असायची, बोटाएवढी. पण त्या आठवड्यात लहान सिरिंज संपल्या होत्या. दोन्ही एकाच मापाच्या भरल्या जात होत्या.

त्या सकाळी पहिल्या खोलीत एक टेलरताई होत्या. घरीच मशीन टाकून ब्लाउज, परकर शिवणाऱ्या. पहिलंच बाळ. कळा आल्या की ओरडायच्याऐवजी विनोद करायच्या. मी हाताला सलाईनची सुई लावताना म्हणाल्या, "सुईचं मला काही वाटत नाही ताई. दिवसातून दहादा मीच मला टोचते."

मोठ्या सिस्टरांनी ट्रे लावला. औषधांच्या खोलीत मी बरोबर होते. त्यांनी एकेक अँप्युल वाचलं, मी बघितलं, मी हो म्हटलं. तिथपर्यंत सगळं नीट होतं. मागे श्वासही होता.

मग दहाच्या सुमारास पहिल्या खोलीतला बाळाला ऊब देणारा दिवा गेला. फट् असा आवाज झाला आणि काच काळी पडली.

"समोर चला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "वेळ आहे अजून. चालता येईल ना बाई?"

"चालते की," टेलरताई म्हणाल्या. "मापं घ्यायला उभी राहते मी तासन्‌तास."

सिस्टरांनी त्यांना धरून बोळापलीकडे नेलं. मागून ट्रॉली मी ढकलली. पहिल्या खोलीच्या दारातून बाहेर, बोळ ओलांडून दुसरीच्या दारातून आत. सरळ रेषेत. वळवावी लागली नाही. वळवावी लागली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

वीस मिनिटांत बाळ आलं. मुलगा, आल्या आल्या रडला. सिस्टरांनी मागे न बघता हात मागे नेला, ट्रेमधली दाराकडची सुई उचलली आणि टेलरताईंच्या मांडीत दिली. पण रक्त थांबेना. वार पडून गेली तरी गर्भाशय मऊच. सिस्टरांनी पोटावर चोळायला घेतलं, मला म्हणाल्या, "पळ, अजून एक आण." मी नवं अँप्युल आणलं, त्यांनी ते दिलं, आणि दोन मिनिटांत गर्भाशय चेंडूसारखं घट्ट झालं. "असतं एखादीचं सुस्त," सिस्टर म्हणाल्या. टेलरताई म्हणाल्या, "माझं मशीनही पहिल्या झटक्यात चालू होत नाही." सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

आता मला त्या हसण्याची लाज वाटते.

अकराला पाच कमी असताना सिस्टर कागद भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळाचं दे गं. खिडकीकडचं. के, एक मिलिग्रॅम, मांडीत. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

मी तेव्हा बघत होते टेलरताईंकडे. त्या बाळाचा एकेक पाय हातात घेऊन मोजत होत्या, कापडाचं माप घ्यावं तसं, वीत लावून. मी खिडकीकडची सुई उचलली. बाळाच्या मांडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचली, दट्ट्या दाबला. बाळ रडलं. मी बोळा धरून ठेवला.

मागे कुणी नव्हतं. हे मला तेव्हाच जाणवलं, मान गार पडली नव्हती, आणि मला वाटलं, चला, आपण शिकलो एकदाच्या.

बाळ आईजवळ वॉर्डात गेलं. केसपेपरची मागची पानं पहिल्या खोलीत राहिली होती, ती आणायला मी गेले. घेतली, आणि बोळात आले. दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती. मी मधोमध उभी होते. माझ्या डावीकडे एक खिडकी होती आणि उजवीकडे एक खिडकी. दोन्ही खिडक्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि दोन्ही दारं माझ्या दोन खांद्यांशी होती.

मी केसपेपर छातीशी धरला. सरळ ढकलत नेलेली ट्रॉली मनातल्या मनात परत ढकलली. पहिल्या खोलीत खिडकीकडे असलेलं टोक दुसरीत दाराकडे आलं होतं.

मग अंगठ्याला आठवलं. बाळाचं इंजेक्शन अर्धा मिली असतं. आईचं एक. मी दट्ट्या दाबला तेव्हा तो संपता संपत नव्हता. आपला हात हळू चाललाय, असं मला वाटलं होतं. आणि आतलं औषध पाण्यासारखं होतं, अगदी स्वच्छ. के जीवनसत्त्वाला पिवळसर झाक असते. मी रसायनशास्त्राची पदवीधर.

मी वॉर्डात गेले. बाळ झोपलं होतं. पांघरुणाखाली हात घालून छातीवर ठेवला आणि घड्याळ बघून मिनिटभर मोजलं. त्रेचाळीस. ठीक. परत मोजलं. पंचेचाळीस. टेलरताई म्हणाल्या, "काय ताई, तुम्हीपण मापं घेता?"

मोठ्या सिस्टर चहा पीत होत्या. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. खिडक्या, ट्रॉली, अंगठा.

त्यांनी कप खाली ठेवला नाही. "अंगठ्याला काय कळतं गं?"

"ताईंचं रक्त थांबत नव्हतं ना सिस्टर. कारण त्यांना मिळालंच नाही. त्यांना बाळाचं मिळालं."

"असतं एखादीचं सुस्त. म्हटलं ना मी."

"सिरिंज बघू या का? डब्यात असतील."

"सुया टाकायच्या डब्यात हात घालणार? आणि मग तुझ्या पोरीला घरी जाऊन काय देणार, कावीळ?" मग त्यांचा आवाज उतरला. मायेनं बोलतात तसा. "हे बघ. त्या औषधाचा जोर तासा-दीड तासात ओसरतो. बाळ गुलाबी आहे, रडलंय, मोजलंस ना श्वास? आत्ता जाऊन सांगितलंस तर ती बाई हाय खाईल, दूध उतरायचं नाही, आणि बाळाला उगाच सुया टोचत बसतील. बघू दोन तास. तूच बस जवळ. तुझ्यासारखी बघणारी नाही दुसरी."

मला हे सांगायला आवडत नाही, पण त्या बोलल्यावर मला बरं वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी उचलावं तसं. मी "बरं सिस्टर" म्हटलं.

मी जाऊन बाळाजवळ स्टूल घेऊन बसले. ऑक्सिटोसिन शरीरात पाणी धरून ठेवतं, ते आम्हाला शिकवलं होतं. मोठ्या माणसाला त्याचं फार काही नाही. तीन किलोच्या जिवाच्या रक्तातलं मीठ पातळ व्हायला लागलं की आधी सुस्ती येते, मग श्वास अडखळतो, मग झटके. परीक्षेत मी हे पाच मार्कांना लिहिलं होतं. मी मोजत राहिले. बेचाळीस. एकेचाळीस. चाळीस. मोजता मोजता मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं झालं. पण मान गार झाली नाही. ऊब लागत होती, ताप आलेल्या माणसाची असते तशी. मी वळले नाही. मला वाटलं, ती मुलगी निघून गेली ती नुसतं चुकलं म्हणून गेली नसेल. चुकल्यावर कुणीतरी तिला मायेनं "बघू दोन तास" म्हणालं असेल, आणि ती "बरं" म्हणाली असेल.

साडेबाराला टेलरताईंनी बाळाला छातीशी घेतलं. ते तोंड उघडेना. गालाला बोट लावलं तरी वळेना.

"झोपाळू आहे," त्या म्हणाल्या. "किती शांत आहे ना ताई? माझी आई म्हणत होती, शांत बाळ नशीबवानाला मिळतं."

शांत. खारूबद्दल हेच म्हणाले होते सगळे. पहिला दिवसभर तिनं डोळे उघडले नव्हते, दूध घेतलं नव्हतं. सासूबाई सगळ्यांना फोन करून सांगत होत्या, पोरगी अगदी शांत आहे हो. मी कळांच्या मध्ये बोळ ओलांडून चालत गेले होते, तेही मला आठवतं. कशासाठी हलवलं होतं ते नाही आठवत. मोठ्या सिस्टरांचा हात आठवतो, पायाखालची गार फरशी आठवते. ट्रॉली माझ्या पुढे होती की मागे, ते मी किती डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

मी उठले. मोठ्या सिस्टरांच्या खोलीवरून जाताना आत बघितलं नाही. बाळांच्या डॉक्टर खालच्या मजल्यावर ओपीडीत होत्या, बाहेर पंधरा-वीस आया रांगेत. मी रांग ओलांडून आत गेले. कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, आम्ही काय वेड्या आहोत का?"

"मॅडम, मी एका नवजात बाळाला आईचं ऑक्सिटोसिन दिलंय. दहा युनिट. दहा पंचावन्नला."

डॉक्टरांनी भिंतीवर बघितलं. बारा चाळीस झाले होते. "आणि आत्ता सांगताय?"

"हो."

जिन्यावर त्या माझ्यापुढे होत्या, दोन दोन पायऱ्या चढत.

बाळाला आतल्या खोलीत घेतलं, छातीला तारा लावल्या, टाचेतून रक्त काढलं. टेलरताईंना डॉक्टर सांगायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मी सांगते." ते धाडस नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

त्या बसल्या बसल्या ऐकत होत्या. हात मात्र पांघरुणाच्या कडेवर चालत होते, शिलाई उसवावी तसे.

"तुम्ही दिलंत?"

"हो. मी दिलं."

"मगाशी तुम्ही मोजत होतात, ते त्यासाठी?"

"हो."

"म्हणजे माहीत होतं."

"दीड तास झाला," मी म्हटलं.

"ताई, मी रोज दुसऱ्याचं कापड कापते," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. "एकदा दोनदा चुकलंय. भारी साडीचा ब्लाउज होता, गळा खोल गेला. हातातली कात्री खाली ठेवायच्या आधी फोन केला मी गिऱ्हाइकाला. दीड तास नाही लावला." मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "जा तुम्ही. नको, थांबा. आत जा. त्याच्याजवळ कुणीतरी पाहिजे."

एक वाजून वीस मिनिटांनी बाळ श्वास घ्यायचं थांबलं.

आवाज काही नाही. तारांना जोडलेलं यंत्र ओरडायच्या आधी मी बघितलं, कारण मी मोजत होते आणि पुढचा आकडा आला नाही. मी तळपायाला टिचकी मारली. आला नाही. पाठ चोळली. ओठ निळसर होताना दिसले. डॉक्टरांनी मला बाजूला सारलं, तोंडावर मास्क धरून पिशवी दाबली. एक, दोन, तीन. चौथ्याला ते खोकल्यासारखं काहीतरी करून रडलं. बारीक, मांजराचं पिल्लू रडावं तसं.

रक्ताचा अहवाल आला. मीठ कमी होतं. डॉक्टर म्हणाल्या, "शंका संपली तुमची." आणि पाणी किती द्यायचं, किती वेळानं तपासायचं ते लिहायला लागल्या. लिहिता लिहिताच म्हणाल्या, "हे आईजवळ पांघरुणात झालं असतं तर झोपलंय असंच वाटलं असतं सगळ्यांना."

बाळाचा श्वास दुपारभर परत थांबला नाही. संध्याकाळी मीठ वर यायला लागलं. मग के जीवनसत्त्व द्यायचं ठरलं, कारण ते त्याला मिळालेलंच नव्हतं. टेलरताई म्हणाल्या, "ही ताई नको." बरोबर होतं. दुसऱ्या पाळीच्या नर्सनं दिलं. मी दारात उभी होते. तिनं अँप्युल वाचलं आणि सवयीनं विचारलं, "बरोबर?" मी म्हटलं, "मला हातात द्या." ती चिडली. "वाचलं ना मी?" मी हात पुढे ठेवूनच उभी राहिले. शेवटी तिनं दिलं, आणि मी प्रत्येक अक्षर वाचून मगच हो म्हटलं.

घरी गेले तेव्हा खारू दारातच होती. सासूबाईंनी माझं तोंड बघून पाणी दिलं. मी खारूच्या दोन्ही मांड्या बघितल्या, उलटसुलट करून. साडेतीन वर्षांनी तिथे काय दिसणार? ती गुदगुल्या होतात म्हणून लाथा झाडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोठ्या सिस्टरांना आणि मला मेट्रनच्या ऑफिसात बोलावलं. जिन्यात रेडिओनं मला गाठलं. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती.

"ट्रॉली वॉर्डातल्या मावशींनी ढकलली असं लिही. त्यांना कोण काय करणार? तुझं वर्ष जाईल गं वेडे."

"ट्रॉली मी ढकलली."

"ते तुला माहीत आणि मला माहीत."

"आणि त्यांना," मी म्हटलं. आधी मला वाटलं मी मोठ्या सिस्टरांबद्दल बोलतेय. मग लक्षात आलं, मी टेलरताईंबद्दल बोलत होते.

मेट्रननी आम्हाला एका टेबलाशी समोरासमोर बसवलं आणि एकेक कोरा कागद दिला. "जे झालं ते स्वतःच्या अक्षरात. बाळ ठीक आहे, सकाळी दूध प्यायलं. पण म्हणून काही झालंच नाही असं समजू नका." मग त्या बाहेर गेल्या.

मी लिहायला लागले. ट्रॉली मी ढकलली. सिरिंजवर चिठ्ठी नव्हती. मोठ्या सिस्टरांनी नाव घेतलं तेव्हा मी बरोबर म्हटलं. मी बघितलं नव्हतं, मी फक्त ऐकलं होतं. नंतर मला कळलं आणि मी दीड तास गप्प बसले. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

मोठ्या सिस्टरांचा कागद तसाच होता. पेनाचं टोपण उघडून त्या बसल्या होत्या. एका रात्रीत त्यांचा चेहरा लहान झाल्यासारखा वाटला. मला वाटलं, आता मला काही बोलतील. मी त्यांना डावलून डॉक्टरांना सांगितलं म्हणून, विश्वास ठेवून घरच्यासारखं वागवलं म्हणून.

"पोरी," त्या म्हणाल्या, "कधीपासून लिहू?"

मला आधी कळलं नाही. "कालपासून. सकाळपासून लिहा ना."

"दिवा काय कालच पहिल्यांदा गेला का?" त्या कागदाकडेच बघत होत्या. "वर्षातून चार-पाच वेळा जातो. कधी दिवा जातो, कधी खाट मोडते, कधी दोघी एकदम येतात. मग समोर नेतो. ट्रॉली कधी मी ढकलते, कधी मावशी, कधी तुमच्यातली कुणी. कधी वळवली जाते, कधी सरळ जाते. एखादीचं रक्त थांबत नाही. दुसरं इंजेक्शन देतो, थांबतं. एखादं बाळ शांत असतं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. "मी किती जणींना म्हणाले असेन गं, असतं एखादीचं सुस्त."

जो प्रश्न मी कालपासून गिळून बसले होते, तो बाहेर आला.

"मला का हलवलं होतं सिस्टर? खारूच्या वेळी?"

त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. मला वाटलं खोटं बोलतील. माझ्या बऱ्यासाठी बोलतील. मनातून मला ते हवंही होतं.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या. "रात्रभर आठवतेय. तुझा हात आठवतो, तू नखं रुतवली होतीस. बाकी नाही आठवत."

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. दोघीही ते थांबेपर्यंत ऐकत बसलो.

"मग आठवत नाही असं लिहा," मी म्हटलं. "पण पहिल्यापासून लिहा."

त्यांनी मान हलवली. कागद सरळ केला आणि सगळ्यात वर एक वर्ष लिहिलं. खारूच्या, माझ्या लग्नाच्या, माझ्या कॉलेजच्याही आधीचं. मग दुसरी ओळ सुरू केली. थोड्या वेळानं त्या लिहायच्या थांबल्या, आणि मला वाटलं, संपलं. पण त्यांनी फक्त हात झटकला, बोटांना रग लागली होती म्हणून, आणि म्हणाल्या, "जा गं, मेट्रनना म्हणावं, अजून कागद द्या."